लछमनमामांच्या केबिनचा चार्ज

लछमनमामा केबिनवाल्यांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की नामदेव भंगारवाला एका म्हाताऱ्याचं कौतुक करायला बसलाय.

मी फसणारा माणूस नाही. नवीन जालन्यात स्टेशनच्या मागं माझं भंगाराचं गोडाऊन आहे. सायकलला पोतं बांधून फुटकी घमेली आणि गंजके पत्रे गोळा करण्यापासून मी सुरुवात केली. आज लोखंडाच्या मिलचे मालक माझ्याशी भाव करायला येताना घरून जेवून येतात, कारण उठायला किती वेळ लागेल याचा नेम नसतो. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय असं सगळा बाजार म्हणतो. आणि एका पेन्शनर केबिनवाल्यानं माझा चहासुद्धा न घेता मला दोन शब्दांत असं बांधून टाकलं की मी अजून सुटलेलो नाही.

मामा कुणाच्याही हातात नुसता हात देत नसत. त्यांच्या खांद्यावर कायम एक फडकं असायचं. रामराम केला की आधी फडकं उजव्या पंजावर यायचं आणि मग हात पुढं. नवा माणूस हमखास चिडायचा. मीही चिडलो होतो.

"मी काय लोखंड आहे का?" असं विचारलं.

"न्हाई," मामा म्हणाले. "पण माझा हात केबिनचा हाय. घाम लागला की लोखंडाला जंग चढतो. एकदा सवय मोडली की मोडतीच."

चहाची कपबशी ते फडक्यानं धरायचे. एसटीत दांडा फडक्यानं धरायचे. पोरीच्या लग्नात तिचा हात जावयाच्या हातात देताना भटजींनी दोनदा खाकरून दाखवलं, तेव्हा कुठं फडकं खांद्यावर गेलं.

ही छोट्या लाईनीच्या, म्हणजे मीटरगेजच्या, काळातली गोष्ट. जालन्याहून परभणीकडं जाताना चिंचपूर रोड नावाचं एक स्टेशन लागायचं. चिंचपूर तिथून बैलगाडीच्या वाटेनं चांगलं लांब. पण नावाला रोड लावला की रेल्वेची जबाबदारी संपते. त्या स्टेशनच्या टोकाला एक दुमजली खोली होती, तिला केबिन म्हणायचे. खाली तारांचा आणि दांड्यांचा गुंता. वर चारी बाजूंनी खिडक्या आणि मधोमध छातीएवढ्या उंच लोखंडी दांड्यांची रांग. या दांड्या म्हणजे लिव्हर. लाल लिव्हर ओढली की दूरवरच्या खांबावरची सिग्नलची पाटी खाली पडायची, म्हणजे गाडीला वाट मोकळी. काळी ओढली की रुळांचा सांधा फिरायचा आणि गाडी या रुळावरून त्या रुळावर जायची. निळी ओढली की तो सांधा घट्ट बसायचा. आणि त्या साऱ्यांची आतून अशी गुंफण होती की सांधा चुकीचा असेल तर सिग्नलची लिव्हर हलायचीच नाही. पैलवानानं ओढली तरी नाही. या गुंफणीला मामा 'कुलूप' म्हणायचे. देवाकडून माणसाला असं कुलूप बसवायचं राहून गेलं, असं त्यांचं ठाम मत होतं.

आमचं घराणं मेंढरंवाल्यांचं. रुळाच्या कडेला गवत चांगलं, म्हणून आमची मेंढरं त्या स्टेशनाजवळ बसायची. भावकीतले सगळे गवताकडं बघायचे, मी लोखंडाकडं बघायचो. ऐंशी सालाच्या पुढं केव्हातरी मी भंगाराचा धंदा धरला आणि पहिल्यांदा त्या केबिनचा जिना चढलो. केबिनखाली जुन्या तारेची गुंडाळी पडलेली दिसली होती. निम्म्या जिन्यावर वरून आवाज आला.

"थांब. लाईन क्लिअर घेतली का?"

पुढच्या स्टेशननं 'या' म्हटल्याशिवाय मागच्या स्टेशननं गाडी सोडायची नाही. ती परवानगी म्हणजे लाईन क्लिअर. मला ती घ्यायला मामांनी खाली पाठवलं. खाली उतरून मी हाक मारली. मग खिडकीच्या गजावर एक टोला पडला.

"आता ये."

"तुम्ही एकटेच तर आहात वर," मी चढता चढता म्हणालो.

"मी एकटा हाये हे तुला खाली उभं राहून कसं कळंल?"

तारेचं विचारलं.

"रेल्वेची हाय."

"मामा, जंगून गेलीय ती."

"जंगलेली रेल्वेची हाय."

"विकत मागतोय मी. फुकट न्हाई."

"रेल्वेची म्हणल्यावर मी कशी विकू? तुझं मेंढरू मी विकलं तर चालंल का तुला?"

मी पुष्कळ माणसांशी भाव केलेत. कोण कुठं वाकतो ते मला दिसतं. कुणी कौतुकानं, कुणी घाईनं, कुणी बायकोच्या नावानं. या माणसाला वाकायला जागाच नव्हती. तरी मी त्या बाजूला गेलो की वर जाऊन बसायचो. का, ते मलाही सांगता येणार नाही. उंचावर वारा चांगला लागायचा, असं समजा.

तिथं बसून त्या केबिनचा इतिहास मला पाठ झाला. मामा तो भाटासारखा सांगायचे. निजामाच्या अमलात विलायतेहून लोखंड आलं. बोटीतून मुंबईला, मुंबईहून मनमाडला, आणि मनमाडहून याच छोट्या लाईनीनं इथं. लिव्हरांच्या सांगाड्यावर कंपनीचं नाव उठवलेली एक पितळी पट्टी होती. मामांनी ती इतकी घासली होती की अक्षरं गुळगुळीत होऊन नाव वाचताच येत नव्हतं. मी ते दाखवलं तर म्हणाले, "नाव गेलं तर चालतंय. जंग न्हाई पायजे."

पण खरा इतिहास पुढं होता. केबिनमध्ये एक रीत होती. पाळी संपली म्हणून केबिनवाला उठत नसे. दुसरा माणूस यायचा, एकेक लिव्हर हलवून बघायचा, खिडकीतून लाईन बघायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, 'चार्ज घेतला.' वहीत सही मागाहून, आधी तोंडानं. ते दोन शब्द होईपर्यंत पहिल्यानं फळीवरून पाय काढायचा नाही. कुणी कुणाकडून केबिन घेतली ते मामांना तोंडपाठ होतं. उस्मानकडून नरसय्यानं घेतली, नरसय्याकडून विठोबानं. विठोबा म्हणजे मामांचे वडील. विठोबाकडून लछमननं. मधे बदलीवर येऊन गेलेले पुष्कळ होते, पण मूळ माळ ही.

"रजाकाराच्या धामधुमीत स्टेशनमास्तर पळाला," मामा सांगायचे. "हमाल पळाला. पोर्टर पळाला. नरसय्या न्हाई पळाला."

"शूर होता?"

"लई भित्रा. पण चार्ज घ्यायला कुणी नव्हतं."

केबिनमधला हा कारभार मामांनी घरातही बसवला होता. पुढच्या केबिनशी बोलणं घंटेच्या टोल्यांनी चालायचं, तसंच घरी. चहा हवा असला की मामा ओट्यावर बसून पितळी तांब्यावर चमच्यानं एक टोला द्यायचे. आतून गयाबाई, म्हणजे मामी, तव्यावर उलथण्यानं टोला द्यायच्या. दोघांमधे भिंत नव्हती. समोर दिसत होती दोघं एकमेकांना.

"लग्नाला एवढी वर्षं झाली," मामी मला म्हणाल्या, "ह्या माणसानं मला हाक म्हणून मारली न्हाई. वाजवतंय. मी काय इंजिन हाये का?"

"मंग तुम्ही उत्तर कशाला देता?"

"न्हाई दिलं तर परत वाजवतंय. एकदा मुद्दाम न्हाई दिलं. चहाबिगर तसंच बसून राह्यलं संध्याकाळपर्यंत. उठून आत येईल का? न्हाई. लाईन क्लिअर न्हाई ना मिळाली."

मामा गंभीरपणे म्हणाले, "बराबर हाय. गाडी घुसवायची असती का?"

माझं लग्न पिंपळगाव रेणुकाईला झालं. मामांना बोलावलं ही माझी चूक. रुळावर डबा उभा असताना विसरून लिव्हर ओढली जाऊ नये म्हणून केबिनवाले त्या लिव्हरच्या मुठीत एक लोखंडी कडं अडकवतात. मामांच्या पिशवीत असलं एक कडं असायचं. पहिली पंगत उठायची होती आणि माझे चुलत सासरे दुसऱ्या पंगतीला जागा धरून बसले. मामांनी जाऊन वाढप्याच्या हातातल्या डावात कडं अडकवलं आणि शेजारी उभे राहिले.

"लाईनीवर गाडी उभी हाय," म्हणाले. "आधी ती जाऊ द्या."

वाढपी डाव हलवेना. पाहुणे हसायचे थांबेनात. चुलत सासरे उठून गेले ते थेट घरी. सासरी मला अजून विचारतात, तो कड्याचा पाहुणा तुमच्याकडचा कोण होता म्हणून.

मामींचं एकच मागणं होतं. रामनवमीला जांबला जायचं. समर्थांचं जांब काही विलायतेत नाही, याच जिल्ह्यात आहे. पण मामांची बदली, म्हणजे त्यांच्या जागी बसणारा माणूस, रामनवमीला कधी मिळाला नाही. दर साली तेच बोलणं.

"कळवलंय," मामा म्हणायचे.

"कोणाला कळवलंय? रामाला?" मामी म्हणायच्या, आणि तव्यावर जोरात उलथणं आपटायच्या. त्याचा अर्थ कुठल्याही केबिनच्या नियमात नव्हता, पण मामांना समजायचा.

मग एका उन्हाळ्यात मामी आजारी पडल्या आणि दोन दिवसांत दुखणं हाताबाहेर गेलं. शेजारच्या लोकांनी दुपारच्या गाडीत घालून त्यांना जालन्याच्या दवाखान्यात नेलं. मामा केबिनमध्ये होते. त्यांना सोडवायला यायचा तो माणूस समोरून येणाऱ्या गाडीनं यायचा होता आणि त्या गाडीचं इंजिन मधल्या कुठल्या तरी स्टेशनात बसलं होतं. मामा गेले नाहीत. ते जालन्याला पोचले तेव्हा मामी राहिल्या नव्हत्या.

चिंचपुरात लोक उघड बोलले. बायकोपेक्षा लोखंड प्यारं, असं म्हणाले. मीही म्हणालो. मामांकडं गेलो की ते स्वतः चहा करायचे. कप समोर घेतला की तांब्यावर एक टोला द्यायचे. जरा थांबायचे. मग प्यायचे.

पुढं मोठी लाईन झाली. नव्या स्टेशनात बटणं आली. बटण दाबलं की सिग्नल, बटण दाबलं की सांधा. छोट्या लाईनीची शेवटची गाडी गेली, लोकांनी इंजिनाला हार घातले, आणि जुनी केबिन तशीच राहिली. मामांना पेन्शन लागलं. मी माझ्या धंद्यात वर चढलो होतो. काही वर्षांनी जुन्या सामानाचा लिलाव निघाला, त्यात चिंचपूर रोडची केबिन होती. सारं लोखंड, पितळेसह. मी ती बोलीत घेतली. चांगल्या भावात घेतली. तारीख ठरलेली होती. तोवर जागा मोकळी केली नाही तर माल जायचा आणि अनामतही.

टेम्पो, चार हमाल आणि गॅसकटरवाला शब्बीर, असे आम्ही सकाळीच गेलो. शब्बीर माझ्याकडं पहिल्यापासून होता. त्यानं पूल कापलेत, साखर कारखान्याच्या टाक्या कापल्यात. खिडक्यांच्या काचा गेल्या होत्या. छपरात कबुतरं होती. मी जिन्यावर पाय टाकला.

"लाईन क्लिअर घेतली का?" वरून आवाज आला.

मामा आत होते. डोक्यावर टोपी, खांद्यावर फडकं. आणि ती लिव्हरांची रांग कालच विलायतेहून उतरल्यासारखी चकाकत होती. बाहेरच्या तारा कधीच कुणी कापून नेल्या होत्या. एकाही लिव्हरच्या टोकाला काही नव्हतं.

"मामा, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"ड्युटी."

"पेन्शन लागून किती दिवस झाले तुम्हाला?"

"पेन्शन लागलं. चार्ज कुणी घेतला न्हाई." मग त्यांनी शांतपणे सांगितलं. शेवटची गाडी गेली त्या दिवशी जीपमधून एक साहेब आला होता. मामांनी त्याला विचारलं, चार्ज कोणाला देऊ. साहेब जीपमधूनच म्हणाला, थांबा, माणूस पाठवतो. "त्याची वाट बघून राह्यलो," मामा म्हणाले. "जेवायला, झोपायला घरी जातो. तेवढं कडं अडकवून जातो."

मी कागद दाखवला. माल माझा झाला आहे, हे समजावलं.

"माल तुझा हाय," मामा म्हणाले. "बिलकुल तुझा हाय. मी कुठं न्हाई म्हणतो?"

"मंग बाजूला व्हा."

"चार्ज घे, व्हतो."

"मी भंगारवाला आहे मामा. मी काय केबिनवाला आहे का?"

"मंग केबिनवाला घेऊन ये."

मी जे जे करून बघायचं ते केलं. एक लिव्हर तुम्हाला ठेवा म्हणालो, फुकट. तेव्हा मामा म्हणाले, एक लिव्हर म्हणजे काय, एका दातानं कुणी जेवतं का. पोलीस बोलावतो म्हणालो. तेव्हा म्हणाले, बोलाव, ते सरकारी माणूस हायेत, त्यांनी घेतला तर चालंल. माझं डोकं तापलं. मी शब्बीरला ओरडून सांगितलं की पेटव आणि काप, म्हातारा सरकतो आपोआप.

शब्बीरनं काच डोळ्यांवरून वर केली. लिव्हरांकडं बघितलं, मामांकडं बघितलं आणि कटर खाली ठेवला.

"सेठ, मेरेकू नै होता. बुढ्ढे का हात लगेला है उसको. भंगार नै हुआ अभी."

हमाल खाली जाऊन बिड्या ओढत बसले. पगार माझा खातात आणि निर्णय स्वतःचे घेतात. मी मामांसमोर उभा राहिलो आणि बोलू नये ते बोललो.

"चार्ज, चार्ज. कशाचा चार्ज? गाडी न्हाई, तार न्हाई, रूळ न्हाई. एवढा जीव ह्या लोखंडात अडकवला म्हणून मामी गेली तेव्हा तुम्ही तिथं नव्हते. आता तरी उठा. नुसतं उठून चालू लागा. कुणी धरलंय तुम्हाला?"

मामा रागावले नाहीत. फडक्यानं लाल लिव्हरची मूठ पुसत राहिले.

"तिच्या गाडीला सिग्नल मीच पाडला, नामदेवा," ते म्हणाले. "ह्या लिव्हरनं. समोरून डबा गेला. तिला खिडकीच्या अंगाला निजवलं व्हतं. ह्या जिन्यावरून उतरून चार पावलं टाकली असती तर गाडीत बसलो असतो. गाडी थांबलीच व्हती. पण चार्ज घ्यायला माणूस नव्हता. म्हणून न्हाई गेलो." फडकं खांद्यावर टाकलं. "आता तू म्हणतो नुसतं उठा. नुसतं उठता येत असंल, तर मंग त्या दिशी मी का न्हाई उठलो?"

याला उत्तर असेल तर मला कुणीतरी सांगावं.

"काय म्हणायचं असतं?" मी विचारलं. आवाज रागाचाच होता, तो काही मी बदलला नाही.

"आधी लिव्हरी बघायच्या."

मी लाल लिव्हर ओढली. हलेना. अंगातला सगळा राग लावून ओढली. हलेना.

"आधी सांधा," मामा म्हणाले. "आणि हात पूस. घाम आलाय."

त्यांनी खांद्यावरचं फडकं काढून माझ्या हातात दिलं. मी काळी ओढली, निळी ओढली, मग लाल आली. तार नसल्यानं ती भसकन आली आणि मी पडता पडता राहिलो. शब्बीर जिन्यात उभा राहून बघत होता. एकेक लिव्हर ओढून परत जागेवर ठेवली. खिडकीतून लाईन बघितली. तिथं कुणीतरी सोयाबीन पेरलं होतं.

"चार्ज घेतला," मी म्हणालो.

"मोठ्यानं."

"चार्ज घेतला."

"चार्ज दिला," मामा म्हणाले आणि फळीवरून पाय काढला. मग माझ्यासमोर हात केला. उघडा हात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वाटलं होतं खरबरीत असेल. बाईच्या हातासारखा मऊ होता. सारं आयुष्य फडक्यात गेलेलं.

जिन्याच्या तोंडाशी जाऊन मामा थांबले. कठड्यावर बोटानं एक टोला दिला आणि उभेच राहिले. ते कशाची वाट बघताहेत हे कळायला मला वेळ लागला. मग मी शब्बीरच्या हातातला पाना घेतला आणि खिडकीच्या गजावर एक टोला दिला. तेव्हा ते उतरले.

"कुठं निघालात मामा?" शब्बीरनं विचारलं.

"जांबला. तिला नेतो म्हणलं व्हतं."

रामनवमीला अजून अवकाश होता. ते गेलेच.

आता माझ्या धंद्याचं ऐका. आमच्या बाजारात कागद मागाहून होतो, शब्द आधी. बोललेला माल कुणी फिरवला तर त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी कुणी उभं राहत नाही. मी माझ्या तोंडानं, शब्बीरच्या साक्षीनं, मोठ्यानं म्हणालो होतो, चार्ज घेतला. चार्ज घेतलेली केबिन कापायची कशी? मी शब्बीरला विचारलं तर म्हणाला, "सेठ, तुमनेच लिया ना." मग सगळा सांगाडा नट-बोल्ट खोलून, क्रेन लावून, अखंडच्या अखंड गोडाऊनवर आणला. खर्च सांगत नाही, बायको हे वाचणार आहे.

वाटलं होतं, चार दिवस ठेवू आणि मग हळूच मिलला पाठवू. तर एक दिवस फाटकावर टोला पडला. कुणी आत येईना. बाहेर जाऊन बघतो तर मामा. मी फाटकावर उलटा टोला दिला, मग आत आले. सांगाड्यासमोर उभे राहिले. लाल लिव्हरच्या मुठीवर तांबूस डाग आला होता. ते त्याच्याकडं बघत राहिले. मी वाट बघत होतो की आता बोलतील आणि मग मीही बोलेन.

"बोला ना," शेवटी मीच म्हणालो.

"मी काय बोलणार? चार्ज तुझ्याकडं हाय."

एवढं बोलून चहा न घेता निघून गेले. त्या दिवसापासून दर आठवड्याला मी त्या लोखंडाला तेल देतो. शिव्या देत देतो, पण देतो. घाम लागू नये म्हणून फडक्यानं. बायको म्हणते, देवघरातल्या समईला कधी हात लावला नाही. मिलवाले येतात, बोटानं टकटक करून माल चांगला आहे म्हणतात, भाव सांगतात. मी सांगतो, भाव राहू द्या, ह्याचा चार्ज घेता का. ते एकमेकांकडं बघतात.

पुढच्या वर्षी मामांचा जावई सांगायला आला. मामा जांबजवळ पोरीकडंच राहिले होते आणि तिथंच गेले. झोपेत. शेवटी शेवटी हातात फडकं नव्हतं म्हणाला. नातवंडांना उघड्या हातांनी धरायचे.

मला वाटलं होतं, हे प्रकरण मी असंच पचवीन. पण मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले. गळ्यात कॅमेरा. लांब कुठं तरी डोंगरात जुनी छोटी गाडी हौशी लोकांसाठी जपून चालवतात, तिथल्या स्टेशनात शोभेला ठेवायला त्यांना दोन लिव्हर हव्या होत्या. एक लाल, एक काळी. किंमत विचारली.

मी आयुष्यात कुणाला खिळा फुकट दिला नाही. त्यांना म्हणालो, "सगळी न्या. पितळेसकट. वाहतूक माझी. पैसा नको. फक्त इथं उभं राहून एकेक लिव्हर ओढा आणि मोठ्यानं दोन शब्द म्हणा."

त्यांना गंमत वाटली. हसले. मग म्हणाले, एवढ्या सगळ्याला आमच्याकडं जागा नाही, पण बघतो, विचारतो. आणि मोटारीत बसता बसता काच खाली करून म्हणाले, "थांबा, माणूस पाठवतो."

तेव्हा माझं डोकं फिरलं आणि म्हणून हे लिहायला बसलो. मामांनी मला फसवलं, ते माझ्याजवळ. ते गेले, त्यांच्याकडं मी काही मागत नाही. पण मामांना ज्यानं फसवलं तो कुठं तरी आहे. जीपमधून आलेला तो साहेब आज मोठ्या खुर्चीत असो की पेन्शनीत असो, त्यानं नवीन जालन्याला यावं. स्टेशनमागं कुणालाही विचारावं, गोडाऊन दाखवतील. भाव करायचा नाही, चहा मी पाजीन. मला एवढंच विचारायचंय की पाठवतो म्हणाला होता तो माणूस कुठं आहे. उस्मानकडून नरसय्यानं घेतला, नरसय्याकडून विठोबानं, विठोबाकडून लछमननं, लछमनकडून नामदेवनं. पुढचं नाव त्यानं माझ्यासमोर उभं राहून सांगावं.

फाटकावर एक टोला द्यावा. मी आत आहे. उठलेलो नाही.